रात्रीत अंगठा सुजला, चादरही सोसवेना : गाऊट म्हणजे काय, पथ्य काय, औषधं कोणती?

गडब : रात्री जेवून झोपलेला माणूस पहाटे उठतो तो पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने. अंगठ्याचं मूळ लाल, गरम, सुजलेलं. चादर लागली तरी जीव जातो. आदल्या दिवशी पाय मुरगळलेला नसतो, काटा मोडलेला नसतो. घरात कोणी म्हणतं वात आला, कोणी म्हणतं विंचू-इंगळी चावली असेल. मग तेल लावून चोळणं सुरू होतं आणि दुखणं आणखी भडकतं.

असा अचानक आलेला ठणका बहुतेक वेळा ‘गाऊट’चा असतो. आयुर्वेदात याच्याशी मिळतंजुळतं वर्णन ‘वातरक्त’ या नावाने आहे. गावात मात्र ‘युरिक अ‍ॅसिड वाढलंय’ एवढंच म्हटलं जातं. हा आजार औषधाने नीट ताब्यात राहतो. पण अर्धवट उपचार केले तर सांधे आणि मूत्रपिंड दोन्हींवर बेततं.

नेमकं काय होतं?

आपल्या पेशींमध्ये आणि खाण्यात ‘प्युरिन’ नावाचे घटक असतात. ते मोडले की युरिक अ‍ॅसिड तयार होतं. त्यातलं सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडातून लघवीवाटे आणि उरलेलं आतड्यातून बाहेर पडतं. रक्तात हे प्रमाण १०० मिलिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर जास्त काळ राहिलं की त्याचे सुईसारखे खडे सांध्यात साचू लागतात. मिठागरात पाणी आटलं की मीठ धरतं, तसाच हा प्रकार. या खड्यांवर शरीरातल्या संरक्षक पेशी तुटून पडतात आणि सांधा पेटतो.

थंड जागी खडे लवकर धरतात. पायाचं टोक शरीरात सगळ्यात थंड, म्हणून पहिला फटका बहुधा अंगठ्याला बसतो. पुढे घोटा, गुडघा, मनगट, बोटं, कोपर यांनाही लागण होते. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांवर खडूसारख्या पांढऱ्या गाठी येतात, सांधे वाकडे होतात. मुतखड्याचा धोकाही वाढतो.

प्रत्येक सांधेदुखी गाऊट नव्हे

पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. त्यात सांध्यांची झीज आणि कष्टाच्या अंगदुखीचे रुग्णच जास्त होते, गाऊटचे अगदी थोडे. म्हणून चालताना गुडघे दुखले की लगेच युरिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करण्यात अर्थ नाही.

उलटही खरं आहे. रिपोर्टमध्ये युरिक अ‍ॅसिड थोडं वाढलेलं दिसलं, पण सांधा कधीच सुजला नाही, मुतखडा नाही, अशा बहुतेकांना औषध लागत नाही. वजन, दारू, पाणी याकडे लक्ष द्यावं एवढंच. आणखी एक गोष्ट : ऐन ठणक्यात तपासणी केली तर आकडा नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे दुखणं ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. खात्रीचं निदान सांध्यातलं पाणी काढून त्यातले खडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर होतं.

कोणाला होतो?

तिशी-चाळिशीनंतरच्या पुरुषांना जास्त. बायकांना पाळी असेपर्यंत संप्रेरकांचं संरक्षण असतं, पाळी गेल्यावर धोका वाढतो. घरात आधी कोणाला असेल, वजन जास्त असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर सावध राहावं.

काही औषधांनीही युरिक अ‍ॅसिड वाढतं. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिलेल्या लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, हृदयासाठीची कमी डोसची अ‍ॅस्पिरिन, टीबीची पायराझिनामाईड ही त्यातली. मात्र ही औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. टीबीची गोळी तर अजिबात नाही. डॉक्टरांना सांगा, ते मार्ग काढतील.

खाडीपट्ट्यात उन्हाचा घामही विसरून चालत नाही. शेतावर, वीटभट्टीवर, बांधकामावर दिवसभर राबायचं, पाणी कमी प्यायचं आणि संध्याकाळी दारू घ्यायची, हे गाऊटला आमंत्रणच.

मग मासळी सोडायची का?

पेण-रोह्याकडे हाच पहिला प्रश्न येतो. मासळी पूर्ण सोडायची गरज नाही, पण मोजून खावी. मांदेली, तारली, बांगडा, तिसऱ्या, कालवं यांत प्युरिन जास्त. सुकट, जवळा, सुके बोंबील यांतलं पाणी गेलेलं असल्याने मूठभर सुक्यातही प्युरिन बरंच असतं, शिवाय मीठ रक्तदाब वाढवतं. कलेजी, भेजा, वजडी टाळाच. मटण कमी करा. ठणका चालू असताना तर हे सगळं बंदच ठेवा.

वाल, डाळी, पालक, टोमॅटो यांना मात्र उगीच बदनाम केलंय. भाज्या आणि कडधान्यांतल्या प्युरिनमुळे गाऊटचा धोका वाढत असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. म्हणजे पोपटीतले वाल चालतील, सोबतच्या कोंबडीचे तुकडे आणि बाटली यांचा हिशोब ठेवा.

बिअर सगळ्यात वाईट, त्यानंतर इतर दारू. ताडी, गावठी यांनाही सूट नाही. गोड कोल्ड्रिंकही कमी करा, त्यातल्या साखरेने युरिक अ‍ॅसिड वाढतं. साय काढलेलं दूध, दही, ताक चांगलं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्या. वजन हळूहळू उतरवा. कडक उपासाने उलट ठणका येऊ शकतो.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं : नुसत्या पथ्याने युरिक अ‍ॅसिड साधारण १ मिलिग्रॅमच उतरतं. ज्यांचा आकडा ९-१० आहे त्यांना औषध लागतंच. त्यात त्यांचा दोष नाही. बहुतेकांची मूत्रपिंडं युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला जन्मतःच कमी पडतात.

ठणका आला तर

पाय उंच ठेवा, आराम करा. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं धरा. चोळू नका, शेकू नका, डाग तर मुळीच देऊ नका.

औषधं तीन प्रकारची आहेत आणि ती पहिल्या दिवशीच सुरू झाली तर लवकर गुण येतो.

१) वेदना आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्या, उदा. नेप्रोक्सेन, इंडोमेथासिन. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, हृदयविकार असलेल्यांना या धोक्याच्या. मेडिकलमधून परस्पर घेऊन आठवडे-आठवडे खाल्ल्याने मूत्रपिंडं खराब होतात.

२) कोल्चिसिन. कमी डोसमध्येच घ्यायची. जास्त झाली तर जुलाब-उलट्या आणि जिवाला धोका. काही अँटिबायोटिक, उदा. क्लॅरिथ्रोमायसिन, सोबत चालत नाही. हेच द्रव्य आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असतं. म्हणून कोणी सांगितलं तरी तो कंद उगाळून पोटात घेऊ नका, तो जहरी आहे.

३) स्टेरॉइड, थोड्या दिवसांसाठी. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवून. नाव नसलेल्या ‘वाताच्या पुड्यां’नी जादूसारखा आराम पडत असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता असते. अशा पुड्या टाळा.

रोज घ्यायचं औषध

वर्षातून दोन किंवा जास्त ठणके, गाठी, मुतखडा किंवा सांध्याची झीज असेल तर युरिक अ‍ॅसिड उतरवणारं औषध लागतं. पहिली पसंती अ‍ॅलोप्युरिनॉल. हे औषध १९६६ पासून वापरात आहे. ते घडवण्यात वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. जेनेरिक गोळी स्वस्त पडते.

सुरुवात १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने करतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी कमी. दर काही आठवड्यांनी रक्त तपासून डोस वाढवायचा आणि आकडा ६ च्या खाली आणायचा, गाठी असतील तर ५ च्या खाली. अ‍ॅलोप्युरिनॉल सोसत नसेल तर फेबुक्सोस्टॅट देतात. हृदयविकार असेल तर तो आधी सांगा.

इथेच बहुतेकांची गाडी घसरते. औषध सुरू झाल्यावर जुने खडे विरघळताना पहिल्या काही महिन्यांत ठणका वाढू शकतो. माणूस म्हणतो, ‘गोळीनेच दुखणं वाढलं,’ आणि गोळी सोडतो. हे टाळण्यासाठी डॉक्टर तीन ते सहा महिने सोबत कमी डोसची कोल्चिसिन देतात. पुढे ठणका आला तरी रोजची गोळी चालूच ठेवायची. बरं वाटलं म्हणून बंद केली की खडे पुन्हा साचतात.

अपवाद एकच : अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, ताप आला तर गोळी ताबडतोब थांबवून दवाखाना गाठा. ही प्रतिक्रिया क्वचित येते, पण जिवावर बेतते.

कधी थांबू नये?

सांधा सुजला आणि सोबत थंडी-ताप असेल तर तो सांध्यातला पू असू शकतो. पावसाळ्यात शेतात चिखलात काम केलेलं असेल आणि ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असतील तर लेप्टोची शंका धरावी. दोन्हींत घरी वाट पाहू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पेण, रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. पुढची गरज लागली तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय आहे.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. युरिक अ‍ॅसिडसोबत क्रिएटिनिन, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. गाऊटचा अंगठा आधी दिसतो, पण त्याच्या मागे मूत्रपिंड आणि हृदयाचं दुखणं लपलेलं असू शकतं. ते वेळेत कळलं तर माणूस वाचतो.