लोंगजिंग : न उकळायचा चहा

"डॉक्टर, ग्रीन टी कडू लागतो, पण वजनासाठी नाक दाबून पितो." असं तुम्हीही म्हणत असाल, तर आधी या चहाची गोष्ट ऐका.

चीनमधल्या हांगझोउ शहराच्या पश्चिम सरोवराजवळच्या टेकड्यांवर लोंगजिंग पिकतो. आठव्या शतकात चिनी लोक चहाच्या वड्या भाजून, कुटून, मीठ घातलेल्या पाण्यात उकळत. १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवूने दरबारासाठी वड्यांऐवजी सुटी पानं मागवली. वड्या करताना लोकांचे फार हाल होत. पुढे पानं नुसती गरम पाण्यात भिजवायची पद्धत रुळली.

लोंगजिंगची कोवळी पानं तापल्या कढईत हाताने दाबत परततात. त्या उष्णतेने पानातलं एन्झाइम निकामी होतं, म्हणून पान काळं न पडता हिरवं राहतं. एप्रिलच्या सुरुवातीच्या छिंगमिंग सणाआधी खुडलेला चहा सर्वांत महाग. (छियानलोंग बादशहाने मान दिलेली अठरा झुडपं तिथे दाखवतात; दंतकथाच म्हणा.)

काचेच्या पेल्यात चमचाभर पानं घ्या, पाणी सुमारे ८० अंश, म्हणजे उकळून काही मिनिटं थांबलेलं. दोन मिनिटांनी प्या. तीच पानं पुन्हा दोनदा चालतात. कडूपणा बहुतेक वेळा उकळल्यामुळेच येतो!

वजन मात्र याने फारसं उतरत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणानंतर तासभर थांबा, कारण चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झालेली आहे.