यंत्राची चाळणी, माणसाची निवड

आमच्या नार्नूरकडे तिफण दुरुस्तीला आणणारा शेतकरी सुताराला मापे सांगत नसे. ‘दादा, रुमणं वर येतंय, खांदा भरतो,’ एवढेच म्हणे. सुतार तेवढ्यावरून उमगून घेई. अभियांत्रिकी रचनेचे काम गणकयंत्रावर सोपवू पाहणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट अवघड गेली आहे.

१९६४ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेखेनबेर्ग यांनी वाऱ्याच्या बोगद्यात एक सांधलेली पट्टी बसविली. फळ्या सहा, बिजागऱ्या पाच, आणि प्रत्येक बिजागरीची स्थाने ५१. म्हणजे आकार ३४ कोटींहून अधिक! सारे तपासण्यास जन्म पुरावयाचा नाही. म्हणून बिजागऱ्या यदृच्छेने किंचित फिरवावयाच्या, वाऱ्याचा अवरोध मोजावयाचा, तो घटला तर नवा आकार ठेवावयाचा, नाहीतर जुन्याकडे परतावयाचे. नागमोडी पट्टी अखेर जवळजवळ सपाट झाली. गंमत अशी, की बिजागऱ्या फिरविणारा हात तेव्हा माणसाचाच होता.

पुढे हे काम गणकयंत्राने उचलले. मार्च २००६ मध्ये नासाने सोडलेल्या तीन लघुउपग्रहांवरील वाकड्यातिकड्या तारेची अँटेना अशाच शोधातून निघाली. मध्यंतरी उपग्रहांची नियोजित कक्षा बदलली. अभियंत्यांनी कसोटी नव्याने ठरविली आणि महिनाभरात नवी रचना हाती आली.

परंतु अवरोध मोजता येतो, भरून येणारा खांदा कशाने मोजावा? श्रवणयंत्राचा आवाज कानाला बरा वाटतो की नाही, हे त्या कानालाच विचारावे लागते. म्हणून माणसाला यंत्रासमोर बसवितात. यंत्र नमुने मांडते, माणूस निवडतो, निवडलेल्यांतून पुढची पिढी निघते. जपानचे हिदेयुकी ताकागी यांनी २००१ साली या पद्धतीचा विस्तृत आढावा घेतला. तिची मोठी अडचण अगदी साधी आहे: माणूस थकतो. यंत्र हजार पिढ्या चालेल, माणूस दहावीस फेऱ्यांतच कंटाळतो. त्यावर उपाय असा, की आरंभीच्या निवडींवरून यंत्राने त्याची आवड शिकावी आणि उरलेले नमुने स्वतःच चाळावे.

येथे माझ्यातला शिक्षक अडखळतो. उत्तरपत्रिकांच्या शेवटच्या गठ्ठ्याला पहिल्याइतकी बारकाईची नजर लाभत नाही, हे आमच्या पेशात सर्वांना ठाऊक आहे. मग थकलेल्या निवडीवरून यंत्र माणसाची आवड शिकते की त्याचा थकवा? शिवाय, निवडणाऱ्याने तिफण कधी धरलेलीच नसेल तर?

पहिल्या शंकेवर संशोधकांनी एक वाट काढली आहे. जेथे यंत्राचा अंदाज डळमळीत असतो तेवढेच नमुने ते माणसापुढे ठेवते. प्रश्न थोडे, पण अवघड तेवढेच. दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र यंत्राजवळ नाही. पडद्यासमोर कोणाला बसवावयाचे, हे आजही त्याचे मालकच ठरवितात.