ढीगवाले आणि फाइलवाले

ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्या माणसाला आपण सहज आळशी ठरवतो. इनबॉक्समध्ये हजारो ईमेल साचू देणाऱ्याबद्दलही आपले मत फारसे वेगळे नसते. या पसाऱ्याला मात्र चांगला चाळीसेक वर्षांचा लेखी इतिहास आहे. त्याची सुरुवात ब्राउझरपासून होत नाही, कागदांनी भरलेल्या टेबलांपासून होते.

१९८३ साली थॉमस मेलोन यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यांचा प्रश्न साधा होता : कचेरीत काम करणारी माणसे आपले टेबल कसे लावतात? मूठभर लोकांच्या खोल्यांत जाऊन, त्यांच्याशी बोलून त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक फाइल आणि दुसरा ढीग. फाइलीला नाव असते, ठरलेली जागा असते. ढिगाला यातले काहीच नसते, तो नुसता समोर असतो. आणि मेलोन यांच्या मते ढिगाचे कामच ते आहे. टेबलावर पडलेला कागद ‘माझे काम राहिले आहे’ अशी आठवण करून देतो. तोच कागद कपाटात गेला की नीट लागतो, पण गप्प होतो. शिवाय फाइल करायची तर कागद कोणत्या नावाखाली ठेवायचा हे ठरवावे लागते, आणि पुष्कळदा तेच ठरत नसते. म्हणून तो ढिगावर जातो.

हे लक्षात ठेवले तर पुढची सगळी गोष्ट सोपी होते.

संगणकाच्या पडद्याला ‘डेस्कटॉप’ मानण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात आकाराला आली. तिच्यावर बेतलेला ‘स्टार’ हा संगणक १९८१ साली बाजारात आला. त्यात फोल्डर होते, कागदाची चित्रे होती, टपालाच्या पेट्या होत्या. खिडक्या मात्र एकमेकींवर चढत नसत, शेजारीशेजारी बसत. कारण चाचण्यांमध्ये असे दिसले होते की, एकीवर एक चढणाऱ्या खिडक्या दिल्या की लोक त्या सरळ लावण्यातच वेळ घालवतात. १९८५च्या पहिल्या ‘विंडोज’मध्येही खिडक्या फरशांसारख्या बसवलेल्या होत्या, त्या एकमेकींवर ठेवायची सोय दोन वर्षांनी आली. ती आली आणि पडद्यावर खऱ्या टेबलाचा ढीगही आला.

त्यावर उपाय तर त्याआधीच शोधला गेला होता. त्याच केंद्रातल्या ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६मध्ये ‘रूम्स’ नावाची रचना मांडली. त्यांचे निरीक्षण असे की, एका वेळी आपण एकच काम करतो आणि त्याला चार-पाच खिडक्या लागतात. काम बदलले की दुसऱ्या चार-पाच लागतात. सगळ्या एकाच छोट्या पडद्यावर कोंबल्या तर माणूस काम सोडून खिडक्याच सरकवत बसतो. म्हणून प्रत्येक कामाला वेगळी खोली द्यायची आणि एका खोलीतून दुसरीत जायचे. आज प्रत्येक संगणकात असणारे ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ याच वाटेने आले. सोय हाताशी असूनही ती वापरणारे तसे थोडेच भेटतात. खोली करायची म्हणजे या कामाचे नाव काय, ते कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे आधी ठरवायला हवे. पुन्हा फाइलीचीच अडचण.

टॅब आले १९९०च्या दशकाच्या अखेरीस, ‘नेटकॅप्टर’सारख्या छोट्या ब्राउझरांतून. २००१मध्ये मोझिलाने ते घेतले, २००३मध्ये सफारीने, २००४च्या फायरफॉक्सबरोबर ते घराघरांत गेले आणि २००६मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररलाही ते द्यावे लागले. पण माझ्या मते खरा बदल त्याच वर्षी फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत झाला. ब्राउझर कोसळला तरी आधीचे टॅब परत उघडायची सोय तिच्यात होती. तोवर टॅब म्हणजे चालू बैठक. वीज गेली की बैठक मोडायची आणि पसारा आपोआप आवरला जायचा. आता तो टिकू लागला. वाचायचे राहिलेले लेख, अर्धवट भरलेले फॉर्म, तुलना करायला उघडलेल्या वस्तू, सगळे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यातही समोर हजर. बुकमार्कची सोय तर १९९३च्या मोझेइकपासून होती. पण बुकमार्क म्हणजे फाइल, आणि टॅब म्हणजे ढीग. २०२१मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी टॅबविषयी लोकांना विचारले, तेव्हा अनेकांनी सांगितले की बंद केलेली गोष्ट पुन्हा कधीच समोर येणार नाही, ही त्यांना धास्ती वाटते. मेलोन यांच्या कागदवाल्यांनी वेगळे काय सांगितले होते?

ईमेलची कथा यालाच समांतर जाते. १९९६मध्ये स्टीव्ह व्हिटेकर आणि कँडेस सिडनर यांनी वीस लोकांचे इनबॉक्स तपासले. ईमेल निरोपांसाठी बनवली होती. लोकांनी तिची कामांची यादी आणि दप्तर अशी दोन्ही रूपे करून टाकली होती. त्यांना तीन जातींची माणसे दिसली : रोज आवरणारी, अधूनमधून दिवाळीची साफसफाई करावी तशी करणारी, आणि मुळीच न आवरणारी.

त्याच वर्षी हॉटमेल सुरू झाले. तिथे जागा मिळे दोन एमबी. तेवढ्यात राहायचे तर पुसत राहावेच लागे. कोणते पत्र ठेवायचे, कोणते घालवायचे, याचा निवाडा आपोआप होई. १ एप्रिल २००४ला गुगलने जीमेल जाहीर केले आणि एक जीबी जागा देऊ केली. तारखेमुळे अनेकांना ती थट्टा वाटली. जीमेलमध्ये ‘आर्काइव्ह’चे बटण ठळक होते, पुसायची सोय मात्र आरंभी मेनूत दडलेली होती. सांगणे स्पष्ट होते : पुसू नका, लावू नका, शोधा. आणि ते खोटेही ठरले नाही. २०११मध्ये व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४५ लोकांच्या वापराचा अभ्यास केला. मेहनतीने फोल्डर लावणाऱ्यांना जुनी पत्रे इतरांपेक्षा लवकर किंवा अधिक हमखास सापडत नव्हती.

म्हणजे ढीगवाले जिंकले? शोधण्यापुरते, हो. पण शोधायला आधी काय हवे ते आठवावे लागते. जे विसरले, त्यासाठी शोधपट्टीत कोणता शब्द टाकणार? आणि दोन एमबीच्या सक्तीबरोबर निवाडाही गेला. ट्रंकेत जपलेली जुन्या घरांतली पत्रे कोणीतरी ठेवण्याजोगी मानली म्हणून उरली. आपल्या मागे उरणाऱ्या ईमेलमध्ये आईचे पत्र आणि विजेच्या बिलाची सूचना एकाच मोलाची आहेत.

ती उरतील याचीही खात्री नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झाले. तिथे रमलेल्या मराठी मंडळींच्या कट्ट्यांवरच्या गप्पा काही काळ वाचायला होत्या, मग त्याही गेल्या. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२०ला मिटले. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गुगलने २०२३मध्ये जाहीर केले. माणूस गेल्यावर त्याचे खाते कोण वापरणार? कागदाचा ढीग निदान माळ्यावर पडून राहायचा.

म्हणून मी टॅबना दोष देणे सोडले आहे. चालू कामाचे टॅब एका खिडकीत राहतात, काम संपले की ती खिडकी पूर्ण बंद होते. ‘कधीतरी वाचू’ म्हणून उघडलेला टॅब महिना उलटला की जातो. ईमेलला फोल्डर एकच आहे, ‘माणसे’. कंपन्यांचे, बँकांचे, सूचनांचे काही त्यात येत नाही. वर्षातून एकदा तेवढा फोल्डर उतरवून घेतो. जीमेल तो ‘एमबॉक्स’ या साध्या मजकुराच्या स्वरूपात देते, कोणत्याही कंपनीशिवाय वाचता येईल अशा. त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असते. बाकीचा ढीग आहे तिथे असू दे.