मोठं चाक, थोडी हवा

२४ ऑक्टोबर १९३९ रोजी शिकागोहून एक गाडी बॉस्टनच्या दिशेने निघाली. लांबी सुमारे १७ मीटर, रुंदी ६ मीटर, वजन ३४ टनांच्या घरात, टपावर एक छोटं विमान ठेवायची सोय आणि खाली चार चाकं, प्रत्येकाची उंची ३ मीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी उसळली होती. ओहायो राज्यात एका लहानशा पुलावर ती घसरली आणि थेट ओढ्यात उतरली. तिला वर काढण्यात तीन दिवस गेले. पुढे जे होणार होतं त्याची ती चुणूकच होती, पण तेव्हा तसं कुणाला वाटलं नसावं.

ही ‘स्नो क्रूझर’. अमेरिकेच्या अंटार्क्टिक मोहिमेसाठी शिकागोच्या आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस पोल्टर यांनी तिचा आराखडा केला होता. पोल्टर हे काही घरात बसून कल्पना लढवणारे गृहस्थ नव्हते. ध्रुवीय संशोधक रिचर्ड बर्ड यांच्या १९३३ ते ३५ च्या अंटार्क्टिक मोहिमेत ते उपप्रमुख होते आणि बर्फातल्या भेगा त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. म्हणूनच त्यांनी गाडीला एक विलक्षण सोय दिली: चाकं पोटात ओढून घेता यायची. भेग आली की पुढची चाकं वर घ्यायची, मागच्या चाकांनी गाडीचं नाक भेगेपलीकडे ढकलायचं, मग पुढची चाकं खाली सोडून मागची वर घ्यायची आणि उरलेलं धूड ओढून न्यायचं. दोन डिझेल इंजिनं वीज तयार करणार आणि प्रत्येक चाकातली मोटर ते चाक फिरवणार. गाडीची उंची बसल्या जागी कमी-जास्त करण्याची ही कल्पना काळाच्या फार पुढची होती.

१९४० च्या जानेवारीत ती अंटार्क्टिकावर उतरली. जहाजातून उतरतानाच लाकडी उतरण मोडली, पण गाडी कशीबशी बर्फावर आली आणि चाकं रुतली. काही ठिकाणी तर जवळजवळ मीटरभर. टायर गुळगुळीत होते, त्यावर नक्षीच नव्हती. असले टायर दलदलीत फिरण्यासाठी बनवलेले, बर्फात ते नुसते जागच्या जागी फिरत राहिले. चालक मंडळींनी जादाची दोन चाकं पुढच्या चाकांना जोडली, मागच्यांना साखळ्या बांधल्या. शेवटी कळलं की गाडी उलट चालवली तर जरा बरी चालते. तिचा सगळ्यात लांब प्रवास सुमारे १४८ किलोमीटरचा झाला, आणि तो सगळा रिव्हर्समध्ये. नंतर तिचा उपयोग राहण्याची खोली म्हणून झाला. तेवढ्या कामाला मात्र ती उत्तम होती म्हणतात.

पोल्टर यांनी चाक मोठं केलं, गाडीही त्या मानाने मोठी केली, आणि हिशेब पुन्हा मूळ पदावर आला. बर्फाला चाकाची उंची कळत नाही, त्याला फक्त प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किती भार आला एवढंच कळतं.

तीस वर्षं आधी हाच धडा ध्रुवीय प्रवासी शॅकल्टन यांनी गिरवला होता. १९०८ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकावर पहिली मोटार नेली, स्कॉटलंडची ॲरॉल-जॉन्स्टन. समुद्रावरच्या टणक बर्फावर ती सामान वाहण्याच्या कामी आली, पण भुसभुशीत बर्फ लागला की अरुंद चाकं सुरीसारखी आत जात. ध्रुवाच्या दिशेने शॅकल्टन गेले ते पायी आणि तट्टांच्या जोरावर. त्यानंतर ध्रुवीय मोहिमांनी चाकाचा नाद जवळजवळ सोडला आणि रणगाड्याच्या धर्तीवर पट्टे लावलेली वाहनं जवळ केली. ४ जानेवारी १९५८ ला एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन, पण त्यांच्याही चाकांवर पट्टे चढवलेले होते.

चाकाला बर्फावर परत आणलं ते कुठल्या प्रयोगशाळेने नव्हे, तर आइसलँडमधल्या गॅरेजवाल्यांनी.

हा देश मोटारींना सोयीचा कधीच नव्हता. प्रवासी रेल्वे इथे कधी धावली नाही. मध्यभागी निर्मनुष्य पठार, त्यात हिमनद्या, लाव्हाचे दगड आणि दर काही तासांनी पात्र बदलणाऱ्या नद्या. देशाला वळसा घालणारा रस्ता पूर्ण झाला तो थेट १९७४ मध्ये, स्कैदारा नदीवर पूल झाल्यावर. तोवर दक्षिण किनाऱ्यावरच्या शेजाऱ्याकडे जायलाही कित्येकांना उलटा, अख्ख्या बेटाचा फेरा पडत असे.

१९४० मध्ये ब्रिटिश फौजा इथे आल्या, पुढच्या वर्षी अमेरिकी. युद्ध संपल्यावर विलीज जीप मागे राहिल्या आणि शेतकऱ्यांनी त्या घेतल्या. बटाट्याच्या गोणी, मेंढ्या, आजारी माणूस, सगळं जीपमधून जाऊ लागलं. पन्नाशीच्या दशकात ब्रिटनशी मासेमारीवरून बिनसलं, ब्रिटिश बंदरांनी आइसलँडचे मासे घेणं बंद केलं, तेव्हा सोव्हिएत रशिया गिऱ्हाईक झाला. माशांच्या बदल्यात तेल आलं, सिमेंट आलं आणि गाझ-६९ गाड्या आल्या, ज्यांना लोक सरळ ‘रशियन जीप’ म्हणू लागले. पुढे लँड रोव्हर आली, फोर्ड ब्रॉन्को आली. थोडक्यात, चारही चाकांना ताकद देणारी गाडी इथे चैनीची वस्तू नव्हती, ती दावणीचा बैल होती.

तरी हिवाळ्यात सगळ्यांचीच चाकं थांबत. हिमनद्यांवर जायचं तर युद्धातून उरलेल्या पट्टेवाल्या ‘वीझल’ गाड्या. त्या हळू चालत, फार तेल पीत आणि मधूनमधून मोडत. सामान्य माणसाला असली गाडी परवडणारी नव्हती. त्याच्या हाताशी होती जुनी ब्रॉन्को आणि शनिवार-रविवारची सुटी.

१९८० च्या आसपास अमेरिकेतून ३८ इंची टायर येऊ लागले. ते बनले होते चिखलासाठी आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गाड्या पळवणाऱ्या हौशी लोकांसाठी. आइसलँडच्या मंडळींनी ते बसवले आणि मग एक उफराटी गोष्ट केली: त्यातली हवा सोडून दिली. थोडीथोडकी नव्हे. डांबरी रस्त्यावर हवेचा दाब २५ ते २८ पीएसआय ठेवतात, तिथे बर्फावर ३ पीएसआय, प्रसंगी २. अशा टायरला आपल्याकडचा पंक्चरवाला हात लावून ‘बसलाय’ म्हणेल.

गणित साधं आहे. अडीच टनांच्या गाडीत एका चाकावर सव्वासहाशे किलो भार येतो. २८ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो. तेव्हा टायर जमिनीला टेकतो तो ३०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. दाब ३ वर आणला की हाच टेकणारा भाग कागदावर नऊ-दहा पट होतो. टायरची कड स्वतःही थोडा भार पेलते, त्यामुळे प्रत्यक्षात जरा कमी, पण फरक प्रचंडच. टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो, आणि जेवढा व्यास मोठा तेवढा हा लांबट पट्टा मोठा. मोठ्या चाकाचं खरं कारण हे.

इथेच या कारागिरांचा शहाणपणा दिसतो. गाडी उंच करण्याचे दोन मार्ग. एक म्हणजे स्प्रिंगा किंवा पाटे बदलून, चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालून बॉडी वर उचलणं. त्याने गाडी रुबाबदार दिसते, पण ॲक्सलच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा होता तिथेच राहतो, आणि दगडाला पहिली टक्कर देतो तो हाच. तो वर नेतं फक्त चाक, तेही निम्म्या हिशेबाने: ३० इंची टायर काढून ४४ इंची बसवला तर गोळा ७ इंच वर जातो. शिवाय बॉडी जेवढी वर, तेवढी उताराला उलटण्याची भीती जास्त. म्हणून आइसलँडमध्ये बॉडी कमीत कमी उचलायची आणि चाकाला जागा करून द्यायला मडगार्ड कापायचे, त्यावर फायबरचे रुंद पंखे चढवायचे, पुढचा ॲक्सल थोडा पुढे आणि मागचा थोडा मागे सरकवायचा, असा रिवाज पडला. हल्ली जगभर शहरांतून मोठ्या चाकांच्या आकाशाला भिडलेल्या गाड्या फिरतात. त्यांतल्या बहुतेकांना या कारागिरांनी आधी करवत हातात घ्यायला सांगितलं असतं.

चाक बदललं की बाकी सगळं मागोमाग येतं. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणजे इंजिनाला तीच गाडी वरच्या गिअरमध्ये ओढल्यासारखी जड वाटते. त्यावर उपाय म्हणून डिफरन्शिअलचे दाते बदलायचे, आणि अगदी गोगलगायीच्या चालीने जाता यावं म्हणून जादाचा एक लो गिअरबॉक्स जोडायचा. स्पीडोमीटरचा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, तोही दुरुस्त करायचा. बेअरिंग लवकर जातात. २ पीएसआयवर टायर रिमवरून निसटतो, म्हणून रिम रुंद हवी आणि तिची कड टायरला धरून ठेवणारी हवी. एवढं करूनही उणे वीस तापमानात, वाऱ्यात, टायर निसटलाच तर? मग टायरच्या आत थोडा ईथरचा फवारा मारून काडी लावायची. धडाम आवाज होतो आणि टायर रिमवर जाऊन बसतो. या प्रकाराची फीत पाहणारा नवखा माणूस दोन पावलं मागे सरकतो.

१९८३ मध्ये या हौशी मंडळींनी ‘फेर्दाक्लुब्बुरिन्न ४x४’ हा क्लब काढला. एकत्र सहली, पठारावर निवाऱ्याच्या झोपड्या हे त्याचं दिसणारं काम. न दिसणारं काम अधिक महत्त्वाचं: कायद्याशी बोलणं. वाहन खात्याच्या दृष्टीने कापलेले मडगार्ड आणि दीडपट चाकं ही गाडीची मोडतोडच होती. तिथल्या व्यवस्थेने या गाड्यांवर बंदी घातली नाही, त्यांचा वेगळा वर्ग केला. गाडीचं वजन करून घ्या, व्हील अलाइनमेंटचा दाखला आणा, स्पीडोमीटर तपासून घ्या, चाक मडगार्डने पूर्ण झाका, मग पासिंग. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच्या नेमकं दुसऱ्या टोकाला उभं आहे. उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. आपल्या रस्त्यांवरची गर्दी आणि कामाची प्रत पाहता त्याला चूक म्हणणं अवघड आहे. पण बंदी आणि मोकळं रान यांच्यामधला तिसरा मार्ग असू शकतो, हे आइसलँडने दाखवलं.

त्या मोकळिकीला एक कडक बाजूही आहे. उघड्या जमिनीवर रस्ता सोडून गाडी घालणं तिथे गुन्हा आहे, कारण तिथल्या शेवाळावरचा चाकाचा ओरखडा कित्येक दशकं भरून येत नाही. मुभा आहे ती हिमनदीवर आणि बर्फाने झाकलेल्या गोठलेल्या जमिनीवर. म्हणजे मोठ्या चाकांचा हा छंद वाढला तो कायद्यानेच आखून दिलेल्या पांढऱ्या अंगणात. त्याचा सगळ्यात मोठा लाभ झाला बचाव पथकांना. आइसलँडमध्ये हे काम स्वयंसेवक करतात, नववर्षाच्या रात्री फटाके विकून खर्च भागवतात, आणि वादळात अडकलेल्यांपर्यंत पोचतात ते याच गाड्यांतून.

१९९० मध्ये टोयोटाच्या तिथल्या विक्रेत्याने या बदलांसाठी स्वतंत्र विभाग काढला; त्यातूनच पुढे ‘आर्क्टिक ट्रक्स’ ही कंपनी उभी राहिली. गाड्यांची नावंही त्यांनी चाकावरूनच ठेवली, एटी३८, एटी४४, म्हणजे तेवढ्या इंचांचा टायर. १९९७-९८ च्या दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात स्वीडनच्या मोहिमेबरोबर अशा गाड्या अंटार्क्टिकावर उतरल्या. २००७ मध्ये ‘टॉप गिअर’ या ब्रिटिश कार्यक्रमाची मंडळी ३८ इंची चाकांची टोयोटा हायलक्स घेऊन उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या जुन्या जागेपर्यंत गेली आणि ही गाडी घराघरांत पोचली.

भारतापुरती या गोष्टीची गाठ पडते ती गोव्यात. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली होती, आणि ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही वास्कोजवळ हेडलँड सडा इथे आहे. २०१० मध्ये तिचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांचं पथक ‘मैत्री’ तळावरून दक्षिण ध्रुवाकडे निघालं. वाहनं होती आइसलँडच्या हाताखालून गेलेल्या ४४ इंची हायलक्स. १३ नोव्हेंबरला प्रस्थान, २२ नोव्हेंबरला ध्रुव. वाटेत आधी भेगांचा प्रदेश, मग ३,००० मीटरहून उंच पठार, आणि त्यावर वाऱ्याने कोरलेले टणक बर्फाचे वरंबे, ज्यांच्यावरून जाताना पाठीचे मणके मोजून होतात. वाटेत पथकाने उथळ बर्फाचे गाभे काढले, रडारने बर्फाखालच्या थरांचा वेध घेतला. जाऊन-येऊन चार हजारांहून अधिक किलोमीटर चाकांवर झाले. चढाला आणि भुसभुशीत पट्ट्यात हवा सोडायची, टणक पृष्ठभाग लागला की कंप्रेसर लावून पुन्हा भरायची, ही आइसलँडची कसरत इथेही चालली.

पट्टेवाली वाहनं त्यामुळे बाद झाली असं नाही. जहाजावरून तळापर्यंत कंटेनर आणि इंधनाची पिंपं ओढायची तर भारतीय मोहिमेतही ‘पिस्टनबुली’च लागते, तिथे हायलक्सचं काम नाही. थोडी माणसं, थोडी उपकरणं आणि लांबचा पल्ला असेल तेव्हा चाक जिंकतं. टायरवाल्यांना मात्र हे कळायला वेळ लागला. तीसेक वर्षं आइसलँडची माणसं चिखलासाठी घडवलेले टायर बर्फात वापरत, हाताने त्यात खाचा कापत आली होती. खास या कामासाठी ४४ इंची हिवाळी टायर फिनलंडच्या नोकियन कंपनीने आर्क्टिक ट्रक्सबरोबर तयार केला, तो २०१४ मध्ये.