किडनी हवी आहे? व्हॉट्सअॅपवर दाता शोधण्याआधी हे वाचा

अपघातात नवरा-बायको ब्रेन डेड झाले, चार किडन्या उपलब्ध आहेत, गरजूंनी लगेच फोन करा. असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. तो कित्येक वर्षं फिरतोय. काढलेली किडनी साधारण दीड दिवसाच्या आत दुसऱ्याच्या शरीरात बसवावी लागते, म्हणजे वर्षानुवर्षं ‘उपलब्ध’ असलेली किडनी हा प्रकारच शक्य नाही. शिवाय ब्रेन डेड व्यक्तीचे अवयव फोन करणाऱ्याला मिळत नाहीत, ते सरकारमान्य प्रतीक्षा यादीप्रमाणेच दिले जातात.

मेसेज खोटा असला तरी तो वाचून फोन लावणारा माणूस खरा असतो. त्याच्या घरात कुणाचं तरी आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास डायलिसिस सुरू असतं. अशा घरानं नेमकं काय करायचं?

किडनी कोण देऊ शकतं?

भारतात यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. २०११ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. कायद्यानुसार जवळचे नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. दात्याचं वय १८ पूर्ण हवं. काका, मावशी, चुलतभाऊ, मेहुणा किंवा मित्र या यादीत येत नाहीत. ते आपुलकीपोटी किडनी देऊ शकतात, पण त्यासाठी प्राधिकार समितीची परवानगी लागते. नातं खरं आहे का, मध्ये पैशांचा व्यवहार नाही ना, हे समिती कागदपत्रं आणि मुलाखतीतून तपासते.

रक्तगट जुळत नसेल तर?

आधी हे लक्षात घ्या की किडनीसाठी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघत नाहीत. ए, बी, एबी आणि ओ हे गट महत्त्वाचे. ओ गटाचा दाता कुणालाही किडनी देऊ शकतो. गट जुळल्यावर क्रॉसमॅच ही रक्ततपासणी होते.

गट जुळला नाही तरी दोन रस्ते उरतात. काही रुग्णालयांत विशेष उपचार देऊन न जुळणाऱ्या गटाची किडनीही बसवतात, मात्र खर्च वाढतो. दुसरा रस्ता अदलाबदलीचा, म्हणजे स्वॅपचा. समजा एका घरात नवरा ए गटाचा आणि बायको बी गटाची, तर दुसऱ्या घरात नेमकं उलट. मग पहिलीची किडनी दुसऱ्या घरातल्या रुग्णाला आणि दुसरीची पहिल्या घरातल्या रुग्णाला देता येते. दोन्ही जोड्या जवळच्या नात्यातल्या हव्यात आणि समितीची परवानगी हवी. ‘दाता आहे पण जुळत नाही’ म्हणून फाईल बंद करण्याआधी स्वॅपबद्दल विचाराच.

पैसे देऊन किडनी मिळते का?

तो गुन्हा आहे. अवयवाची खरेदी-विक्री केल्यास ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड होऊ शकतो. पैसे देऊन दाता शोधणं आणि तशी जाहिरात पसरवणं हेही यातच येतं. रुग्णाचा नंबर आणि रक्तगट टाकून केलेल्या पोस्टवर सगळ्यात आधी फोन येतो तो बहुतेकदा दलालाचा. ‘नोंदणी फी’ मागितली की फोन ठेवून द्या.

देणाऱ्याचं पुढे काय होतं?

१९५४ साली बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिक यांनी जुळ्या भावाला किडनी दिली. ते जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण. त्यानंतर रोनाल्ड एका किडनीवर ५६ वर्षं जगले. आज दात्याची शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होते. काही दिवसांत घरी जाता येतं आणि महिना-दीड महिन्यात कामावर. तरी ही मोठी शस्त्रक्रिया आहे, धोका शून्य नाही. पुढे आयुष्यभर दरवर्षी रक्तदाब आणि लघवीची तपासणी करावी लागते. मधुमेह असलेल्या व्यक्तीला सहसा दाता म्हणून घेत नाहीत.

घरच्यांना नाही म्हणता येतं का?

हो, अगदी शेवटच्या क्षणीही. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, हे चित्र जुनं आहे. म्हणूनच दाती स्त्री असेल तर तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी, असं नियम सांगतात. त्यामुळे सुनेला किंवा बहिणीला चार माणसांत विचारू नका. सगळ्या नातेवाइकांना रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाकडे माहितीसाठी न्या आणि तिथे प्रत्येकाला एकट्यानं बोलू द्या.

दाता मिळेपर्यंत काय?

• दात्याचा शोध सुरू असतानाच मरणोत्तर अवयवदानाच्या प्रतीक्षा यादीत नाव घाला. नोंदणी रुग्णालयामार्फत होते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत.
• २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस मिळतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.
• महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंतची मर्यादा आहे. रुग्णालय योजनेत आहे का, हे आधी विचारा.
• धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही मदत मागता येते.
• प्रत्यारोपणानंतरची औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात. दर महिन्याचा तो खर्च आधीच धरून ठेवा.
• दाता केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर त्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते.

मग शेअर काय करायचं?

‘किडन्या उपलब्ध’चा मेसेज आला तर पुढे ढकलू नका. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेचा, म्हणजे नोटोचा टोल फ्री नंबर १८००-११-४७७० पाठवा. आणि ओळखीत कुणाचं डायलिसिस सुरू असेल, तर आठवड्यातून एक दिवस त्याला केंद्रावर सोडायला आणि घरी आणायला जा. त्या घरातल्या माणसाला तेवढीच एक सुट्टी मिळते.