आजोबांची चोपडी

आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्यामुळे मला ठाऊक असलेले आजोबा बरेचसे ऐकीव आहेत. मोठ्या काकांनी सांगितलेले वेगळे, आत्याने सांगितलेले वेगळे आणि आजीने सांगितलेले तर या दोघांनाही न पटणारे. काकांच्या गोष्टींतले आजोबा कधी खोटं बोलत नाहीत, मिस्सा चुकवत नाहीत, दारी आलेल्याला रित्या हाताने पाठवत नाहीत. आजी हे सगळं निमूट ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, “घासाघीस करताना ऐकलं असतंस तुझ्या आजाला, तर पळाला असतास.” माणूस गेला की घरचे लोक त्याला फार लवकर वेदीवर चढवतात. आमच्या घरात आजी आडवी आली, हे बरं झालं.

आमचं घर नंदाखालच्या धर्मग्रामातलं. उत्तर वसईतली ही सगळी पट्टी तेव्हा वाड्यांची होती: केळी, पानवेली, भाजीपाला, मध्ये बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आणि विहिरीवर रहाट. वसईचा इतिहास म्हटला की लोक किल्ला काढतात, 1739 सालची चिमाजी अप्पांची मोहीम काढतात. आमच्या घरात तो विषय क्वचितच निघे. आमच्या घरचा इतिहास रेल्वेपासून सुरू होतो. 1864 मध्ये गुजरातकडून आलेला लोहमार्ग मुंबईला भिडला, 1867 मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुटू लागली, आणि वाडीतलं केळं दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या बाजारात पोचण्याची सोय झाली. लढायांनी राज्यं बदलली असतील; आमच्या ताटात काय पडणार हे मालडब्याने ठरवलं.

किल्ल्याची म्हणून एकच गोष्ट आजोबा सांगत. उधारीच्या वसुलीला ते एकदा नाशिकला गेले होते. पैसे मिळाले नाहीत, गाडीला वेळ होता, म्हणून गोदावरीच्या काठी हिंडले आणि नारोशंकराच्या देवळापाशी पोचले. तिथली मोठी घंटा मराठ्यांनी वसईहून आणलेली, हे कुणीतरी सांगितलं. काकांच्या मते आजोबांनी तिथेच हात जोडून प्रार्थना केली. आजीला त्यांनी घरी येऊन जे सांगितलं ते एवढंच : “आपली घंटा बघून आलो. चांगली ठेवलीय. पैसे मात्र दिले नाहीत.”

पणजोबांच्या काळात घड झाडावर असतानाच ते सावकाराचे झालेले असत. ढेपेची पोती, बैल, मुलीचं लग्न, सगळं त्याच्या पैशावर, आणि फेड पिकाने. भाव तोच लावणार. 1918 मध्ये मोन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांनी लोकांना या कचाट्यातून सोडवण्यासाठी पतपेढी उभी केली. पुढे तिचीच बसीन कॅथॉलिक बँक झाली. पणजोबांनी तिचा भाग घेतला, आणि आजोबांनी व्यापाराला लागणारं पहिलं भांडवल तिथूनच उचललं. ते म्हणत, “देवाने पापातून सोडवलं, मोनीस फादरांनी सावकारातून. पहिल्याचे उपकार रोज मानायचे, दुसऱ्याचे हप्त्याच्या तारखेला.” हप्ता त्यांनी कधी चुकवला नाही, यावर मात्र तिन्ही कथनकारांचं एकमत आहे.

धंदा साधा होता. शेजारच्या वाड्यांतले घड बघायचे, झाडावरच भाव ठरवायचा, बयाणा द्यायचा, माल उतरवून बैलगाडीने स्टेशनवर न्यायचा. मुंबईचा आडत्या माल विकून, आपलं कमिशन आणि हमाली कापून पट्टी पाठवायचा. या पट्टीवर सगळा जीव. घड रस्त्यात काळे पडले, भाव पडला, आडत्याने वजन मारलं, तरी वाडीवाल्याला ठरलेले पैसे द्यावे लागत. शिवाय राजेळी केळ्यांची सुकेळी. पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळत घालायची, रात्री झाकायची, आठवडाभर जपायची. हे काम आजीचं आणि गल्लीतल्या बायकांचं. काकांच्या गोष्टींत सुकेळी आजोबांची असतात. आजीच्या गोष्टींत आजोबा फक्त ती विकायला नेतात. ढग दिसला की सगळ्या बायका धावत सुटत, आणि आजोबा त्या वेळी हमखास स्टेशनवर असत.

मला सर्वांत गंमत वाटते ती घरातल्या भिंतीची. एका खिळ्याला चर्चचं कॅलेंडर, दुसऱ्याला पंचांग. पहिलं आत्म्यासाठी, दुसरं केळ्यांसाठी. श्रावणातले उपास, गणपती, सत्यनारायणांचा हंगाम, रमजान कधी लागतो, हे सगळं या कॅथॉलिक माणसाला तोंडपाठ होतं. आमचा नाताळ हिंदूंच्या श्रावणावर साजरा व्हायचा, असं आत्या म्हणते, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. मुलांचे कपडे, शाळेच्या फिया, घराची कौलं, सगळं त्या दोन-तीन महिन्यांच्या पट्ट्यांतून निघे. आणि एका वर्षी नेमक्या याच दिवसांत आजीला विषमज्वर झाला. आजोबांनी व्यापार दुसऱ्याच्या हवाली केला आणि महिनाभर तिच्या उशाशी बसले. पेज केली, मुलांच्या वेण्या घातल्या. आत्या सांगते, वेण्या वाकड्याच असत. तो हंगाम पूर्ण बुडाला. ही एकच गोष्ट आजी कधी दुरुस्त करत नसे.

संध्याकाळी घंटा झाली की चोपडी मिटायची. मग जपमाळ. व्यापारी बसलेला असला तरी उठायचं नाही. त्याला हवं तर त्याने ओट्यावर थांबावं. काही थांबत, आणि जपमाळ संपली की सौदा जिथे सुटला तिथून पुढे चालू होई. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये असे. आजोबांनी लहानपणीच उत्तरं पाठ केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात, मिस्सा मराठीत आली. पहिल्यांदा ‘आमच्या अपराधांची क्षमा कर’ हे भर चर्चमध्ये मोठ्याने म्हणायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या बाजूला त्यांचा एक ऋणको उभा होता, असं काका सांगतात. खरं असेल किंवा नसेल; मला ही गोष्ट जरा जास्तच जुळून आलेली वाटते.

त्याहून मला पटते ती दुहेरी पट्टीची गोष्ट. मुंबईच्या एका आडत्याने चुकून एकाच मालाचे पैसे दोनदा पाठवले. काका सांगतात, आजोबा दुसऱ्याच दिवशी लोकल पकडून पैसे परत देऊन आले. आजी सांगते, दोन रात्री झोपले नाहीत. मग कुणाच्या तरी हाती चौकशी केली, आडत्याच्या लक्षात आलंय का म्हणून. आलं नव्हतं. शनिवारी पापनिवेदनाला गेले, आणि सोमवारी पैसे परत. “चांगुलपणा होता,” आजी म्हणायची, “पण त्याला ढकलावं लागायचं.” मला काकांच्या आजोबांपेक्षा हे आजोबा मोठे वाटतात. ज्याला मोहच झाला नाही, त्याने पैसे परत केले यात काय विशेष?

त्यांचा आवडता संत कोणता, हे सांगायला नको. गोन्सालो गार्सिया वसईचा, आणि शेजारच्या गासला त्याच्या नावाचं चर्च. सोळाव्या शतकात तो जपानात गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, त्यात जमही बसवला. मग सगळं सोडून मनिलामध्ये फ्रान्सिस्कन झाला, दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात गेला आणि 1597 मध्ये नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. 1862 मध्ये त्याला संत घोषित केलं. सणाच्या प्रवचनात भर असे तो त्या शेवटच्या भागावर. आजोबांना मधला भाग खुपायचा. “धंदा सोडला, ठीक. पण येणं-देणं चुकतं केलं का, ते कुणी सांगत नाही,” ते घरी येऊन म्हणत.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते वसईत सगळ्यांच्याच घरी झालं. रहाट गेले, इंजिनं आली. आमच्या आळीत पहिलं डिझेल इंजिन आजोबांनी बसवलं, बँकेचं कर्ज काढून, आणि त्याचा फार अभिमान होता त्यांना. उपसा वाढला, समुद्राकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ झालं, केळी खुरटली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, पाणी नेणाऱ्या टँकरांविरुद्ध आणि वाड्या गिळणाऱ्या इमारतींविरुद्ध. आजोबा काठी टेकत मोर्चाला गेले. घरी मुलगे जमिनीचा भाव काढत होते. इंजिनाबद्दल ते त्या काळात बोलले का, असं मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, बोलले नाहीत, पण इंजिन भंगारात विकायला निघालेल्या काकांना अडवलं आणि स्वतः उभं राहून वजन करून घेतलं.

ते गेल्यावर पेटीत चोपडी निघाली. येणी बरीच होती, काही वीस वर्षांपूर्वीची. काका म्हणाले, माफ करू, त्यांनाही तेच आवडलं असतं. आजीने चोपडी मांडीवर घेतली आणि आत्याला एकेक नाव वाचायला सांगितलं. जिथे घरात खायची मारामार होती, तिथे तिने रेघ मारली. दोन नावांवर मात्र ती थांबली. दोघांच्याही वाडीत तेव्हा इमारती उठत होत्या. त्यांच्याकडे ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्सेहून परतताना, जात राहिली. एकाने चौथ्या वर्षी मुद्दल दिलं, व्याज मागू नका म्हणाला. दुसऱ्याच्या घरचे अजून आमच्याशी बोलत नाहीत.