व्हिडिओ गेम खरोखरच महागले का?

१/८
२०२५ मध्ये निन्टेन्डोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ची अमेरिकेतील किंमत ८० डॉलर जाहीर केली आणि खेळाडूंमध्ये संतापाची लाट उसळली. गेम आता सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले, असा सूर उमटला. इतिहासाची साक्ष मात्र याहून गुंतागुंतीची आहे.

२/८
१९९२ मध्ये सुपर निन्टेन्डोवरील ‘स्ट्रीट फायटर टू’साठी अमेरिकी ग्राहक सुमारे ७० डॉलर मोजत होता. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या आधारे हिशेब केला, तर ही रक्कम २०२५ मधील सुमारे १६० डॉलर भरते. म्हणजे आजच्या ‘महाग’ गेमच्या दुप्पट!

३/८
याचे कारण कार्ट्रिजमध्ये दडले होते. आपल्याकडे तिला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत. तिच्यात मेमरी चिप असे. गेम जितका मोठा, तितकी चिप महाग. शिवाय निर्मितीवर निन्टेन्डोचे नियंत्रण होते. प्रकाशकांना तिच्याकडूनच कार्ट्रिज बनवून घ्याव्या लागत.

४/८
१९९५ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन अमेरिकेत दाखल झाले. त्याचे गेम सीडीवर येत आणि सीडीचा उत्पादनखर्च कार्ट्रिजच्या तुलनेत नगण्य होता. परिणामी गेमच्या किमती ४० ते ५० डॉलरपर्यंत उतरल्या.

५/८
२००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत ६० डॉलरचा दर रूढ झाला आणि तो जवळपास पंधरा वर्षे टिकला. दरम्यान डॉलरची क्रयशक्ती घटतच होती. २००५ चे ६० डॉलर म्हणजे २०२० चे सुमारे ८० डॉलर. त्यामुळे २०२० मध्ये नव्या कन्सोलसाठी ७० डॉलरचा दर आला, तेव्हाही खरी किंमत २००५ पेक्षा कमीच होती.

६/८
मग हे प्रकाशकांना परवडले कसे? ग्राहकवर्ग विस्तारला, डिजिटल विक्रीमुळे डबा, छपाई आणि वाहतुकीचा खर्च वाचला. त्यातच २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधील घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला स्वतंत्रपणे विकले गेले. त्याची यथेच्छ टवाळी झाली, परंतु प्रथा रुजली. छापील किंमत स्थिर राहिली. उरलेली वसुली तुकड्यातुकड्यांनी होऊ लागली.

७/८
आता मोजपट्टी बदलून पाहू. १९९२ मध्ये अमेरिकेचे संघीय किमान वेतन तासाला ४.२५ डॉलर होते. ७० डॉलरच्या गेमसाठी साडेसोळा तास राबावे लागत. जुलै २००९ मध्ये ते ७.२५ डॉलर झाले. तेव्हाच्या ६० डॉलरच्या गेमला सव्वाआठ तास पुरत. त्यानंतर २०२५ पर्यंत हा दर बदललेला नाही. अनेक राज्यांनी स्वतःचा दर वाढवला. परंतु जिथे संघीय दरच लागू आहे, तिथे ८० डॉलरसाठी अकरा तास लागतात.

८/८
निर्देशांकानुसार २००९ च्या तुलनेत गेम स्वस्त झाला. त्या कामगाराच्या घड्याळानुसार तो एक तृतीयांशाने महागला. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. निर्देशांक सरासरी कुटुंबाच्या खर्चाची टोपली मोजतो; त्या टोपलीबरोबर प्रत्येकाची मजुरी वाढली की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून ‘पूर्वी हे याहून महाग होते’ असे वाचनात आले, की एक प्रश्न अवश्य विचारावा: कोणासाठी?